वर्ध्यात पियानो आला तेव्हा

मागच्या हिवाळ्यात वर्ध्यातल्या एका कॉलेजच्या सभागृहात पियानोचा कार्यक्रम झाला. मी त्याच कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झाले, म्हणून त्याची पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवरून माझ्यापर्यंत पोहोचली. एक युरोपियन वादक काही आठवडे जवळच्या एका आश्रमात राहायला आला होता. तिथे तो सकाळी सूत काततो, दुपारी भाजी निवडू लागतो, असं कानावर आलं होतं. तो मोठा वादक आहे हे कोणाला तरी इंटरनेटवर सापडलं आणि मग प्राचार्य त्याच्या मागेच लागले. पियानो नागपूरच्या एका कुटुंबाकडून टेम्पोत घालून आणायचं ठरलं. पत्रिकेच्या तळाशी तो काय काय वाजवणार ते छापलं होतं. शेवटचं नाव वाचलं आणि मी ते पुन्हा एकदा वाचलं.

ती रचना मी तरुणपणापासून ऐकत आले आहे. वर्ध्यात ती माझ्याशिवाय आणखी कोणी ऐकत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

नागपूरला शिकत होते तेव्हा मुलींच्या एका हॉस्टेलवर राहायचे. तिथल्या वॉर्डन वयस्कर ख्रिस्ती बाई होत्या. रविवारी दुपारी त्या आपल्या खोलीचं दार उघडं ठेवून रेकॉर्ड लावायच्या. मुली त्या वेळी मुद्दाम बाहेर जायच्या. मला जायला पैसेही नसायचे आणि जागाही नसायची, म्हणून मी व्हरांड्यात पुस्तक घेऊन बसायचे. एका रविवारी पुस्तक मिटलं ते मिटलंच. पियानो सुरुवातीला इतका हळू होता की बाई खोलीत काही शोधताहेत असं वाटावं. मग तो वाढत गेला, आणि पुढे तर डावा हात पियानोच्या पट्ट्यांच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे उड्या मारायला लागला. हे अर्थात मला तेव्हा दिसत नव्हतं, बाईंनी नंतर सांगितलं. ही रचना दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीची आहे आणि भले भले वादक तिला घाबरतात, असंही त्या म्हणाल्या. मी हॉस्टेल सोडताना त्यांनी मला तिची कॅसेट भरून दिली.

ती कॅसेट घेऊन मी सिंदीला घरी आले. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते, दादा नुकताच रेल्वेत लागला होता. दादा आमच्या वस्तीतल्या भीमगीतांच्या पार्टीत ढोलक वाजवायचा. त्याचा हात ढोलकावर पडला की शेजारच्या गल्लीतली माणसं बाहेर येऊन बसायची. मला वाटलं होतं की त्याला तरी हे आवडेल. त्याने पाचेक मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "हे काय तू ऐकून राह्यली? कोणी कपाट पाडून राह्यलं काय?" बाबा हसले, आई हसली, मीही हसले. त्यानंतर मी ती कॅसेट घरात कोणासमोर लावली नाही.

पुढे नोकरी लागली, वर्ध्याला आले, नालवाडीत छोटं घर बांधलं. लग्न झालं नाही. त्याची कारणं तेव्हा खूप मोठी वाटायची, आता मलाच ती धड आठवत नाहीत. कॅसेट घासून घासून गेली, मग सीडी आली, मग फोनमध्ये यूट्यूब आलं. यूट्यूबवर एका वादकाने वाजवलेल्या त्या रचनेखाली जगभरातल्या लोकांनी लिहिलेलं असतं. कोणी ब्राझीलचा, कोणी कोरियाचा. वडील गेले त्या आठवड्यात मी हेच ऐकत होतो, असं एकाने लिहिलं होतं. एकीने लिहिलं होतं की मी दहा वर्षं हे शिकते आहे आणि अजून शेवटच्या पानावर पोहोचले नाही. मी ते सगळं वाचते. शेजारणीशी गप्पा माराव्यात तसं वाचते. एकदा मीही इंग्रजीत एक ओळ लिहिली होती, की मी भारतातल्या वर्ध्याहून ऐकते. त्याला कोणीतरी अंगठा दिला. कोणी, ते कळलं नाही.

तर असा तो कार्यक्रम. मी पाच-सहा जणांना आग्रहाने सांगितलं. समोरच्या घरातल्या बाईंच्या मुलाची परीक्षा होती. माझ्याबरोबर सकाळी फिरायला येणाऱ्या मॅडमनी बघू म्हटलं, आणि त्यांचं बघू म्हणजे नाही हे मला माहीत होतं. दादाला फोन केला. तो बरेच महिने वर्ध्याला आला नव्हता. गुडघा दुखतो, म्हणाला. मग म्हणाला की मी वहिनीला पाठवतो.

वहिनी कधी एकटी माझ्याकडे आली नव्हती. ती दुपारच्या गाडीने आली, पिशवीत ओल्या तुरीच्या शेंगा आणि लोणच्याची बरणी घेऊन. मी तिला सांगितलं की दीड तास बसावं लागेल, गाणं नाही, नुसता पियानो आहे. ती म्हणाली की बसीन, त्याले काय लागते.

सभागृह निम्मं भरलं होतं. पुढच्या दोन रांगांत पाहुणे आणि त्यांच्या बायका, मधे कॉलेजची मुलं, त्यांना हजेरी देणार म्हणून आणलेली. आश्रमातली काही माणसं खादीत एका बाजूला बसली होती. प्राचार्यांचं भाषण झालं, दीपप्रज्वलन झालं, वादकाला सुताचा हार घातला. तो उंच, हडकुळा, पन्नाशीचा माणूस होता. त्याने हार काढून नीट घडी करून खुर्चीवर ठेवला आणि वाजवायला बसला.

सुरुवातीच्या लहान रचना लोकांनी शांतपणे ऐकल्या. मग दिवे मंद केले आणि ती सुरू झाली.

मला वाटलं होतं की पहिल्याच सुराला मला रडू येईल. तसं झालं नाही. तो माझ्या रेकॉर्डिंगपेक्षा हळू वाजवत होता. जिथे थांबायला नको तिथे थांबत होता, जिथे थांबायचं तिथून पुढे जात होता. मी ऐकत नव्हते, तपासत होते. पेपर तपासायची सवय असलेल्या माणसासारखी. माझ्या डाव्या हाताला संगीताची आवड असलेले एक निवृत्त डॉक्टर बसले होते. ते मांडीवर बोटांनी ताल शोधत होते, तो सापडत नव्हता, मग त्यांनी हात मिटून घेतले. मागे एक मुलगी दुसरीला विचारत होती की हे संपलं की जेवण आहे का. कोणाचा तरी फोन वाजला आणि बराच वेळ वाजत राहिला.

रचनेच्या मधोमध एक जागा आहे. मोठाले सूर एकावर एक कोसळतात आणि मग एकदम शांतता होते. ओळखीच्या माणसाला कळतं की अजून संपलेलं नाही. तिथे सगळ्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतले दोघे उभे राहिले. वादकाने हात हवेत तसेच धरून ठेवले, मान खाली घातली, आणि टाळ्या थांबेपर्यंत तो वाट पाहत राहिला. मला इतकी लाज वाटली की जणू मीच वाजवल्या. माझे हात मात्र मांडीवर होते.

मग तो संथ भाग आला. मी सहज उजवीकडे पाहिलं. वहिनी रडत होती. पदर तोंडाशी धरून, आवाज न करता, खांदे हलत होते. तिचे डोळे वादकावरून हटत नव्हते.

त्या क्षणी मला काय वाटलं ते मी नीट सांगू शकणार नाही. इतकी वर्षं ज्या माणसाची मी परदेशी लोकांच्या ओळींत वाट पाहत होते, ते माणूस माझ्याच घरातलं निघालं होतं. तीस वर्षं जिच्या हातचं मी खाल्लं, जिच्याशी पापड आणि पाहुणे यापलीकडे कधी काही बोलले नाही, ती. मी तिचा हात धरला. तिनेही माझा हात घट्ट धरला.

शेवटची दोन पानं म्हणजे त्या उड्या. दोन्ही हात एकमेकांपासून लांब जातात आणि परत येतात, आणि वेग वाढतच जातो. मुलांनी फोन वर करून व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली. आता खरोखर सभागृह गप्प झालं, कारण सर्कशीतल्या झुल्याकडे पाहावं तसे सगळे पाहत होते. आणि तिथेच त्याची एक उडी चुकली. डाव्या हाताचा एक सूर शेजारच्या पट्टीवर पडला. अगदी एक. मला तो छातीत लागला. मी आजूबाजूला पाहिलं. कोणाच्याही चेहऱ्यावर काही नव्हतं. फक्त वादकाच्या तोंडाचा एक कोपरा हलला. त्या सुराबद्दल त्या सभागृहात आम्हा दोघांनाच माहीत होतं.

संपल्यावर लोक खूप वेळ टाळ्या वाजवत होते, शिट्ट्याही झाल्या. बाहेर चहाच्या टेबलापाशी मी ऐकत उभी होते. काय स्पीड आहे, एक प्राध्यापक म्हणत होते. एका मुलाने एका मिनिटात किती सूर होतात याचा हिशोब सुरू केला होता. डॉक्टर म्हणाले की तयारी जबरदस्त आहे, पण आपल्यासारखा आलाप नाही, एकदम अंगावर येतात हे लोक. खादीतल्या एका बाईंना पियानोपेक्षा त्याने हाराची घडी कशी केली ते फार आवडलं होतं. कोणी वाईट बोलत नव्हतं. सगळे खूष होते. मला मात्र कोणापाशी थांबावं ते कळेना.

वादकाबरोबर फोटो काढायला रांग लागली होती. मी रांगेत उभी राहिले. मनात इंग्रजी वाक्यं जुळवली होती, हॉस्टेलच्या बाई, ती कॅसेट, सगळं. माझा नंबर आला तेव्हा मागचा मुलगा फोन घेऊन तयार होता. वादक थकून गेला होता, कपाळ ओलं होतं. त्याने हात जोडले. मी म्हटलं, "व्हेरी नाइस." तो म्हणाला, "थँक यू." मी बाजूला झाले.

पण मला त्याचं दुःख झालं नाही, कारण वहिनी बाहेर कडुनिंबाच्या झाडाखाली माझी वाट पाहत उभी होती. ऑटोत मी तिला सगळं सांगत सुटले. घरी येऊन चहा टाकला, छोट्या स्पीकरवर माझं रेकॉर्डिंग लावलं, आणि ती रचना कुठे वळते, कुठे फसवते, हे तिला दाखवत बसले. ती शेंगा सोलत ऐकत होती. मधूनमधून हो म्हणत होती. कित्येक वर्षांत मी कोणाशी इतकं बोलले नव्हते. वर्गात बोलायचे ते वेगळं. ती दमली असेल हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला स्टेशनवर सोडायला गेले. गाडीला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. उन्हाचा एक तुकडा आमच्या पायांवर पडला होता. वहिनी बराच वेळ पिशवीच्या बंदाशी चाळा करत होती. मग ती म्हणाली, "बाई, काल तुम्ही एवढ्या खुशीत होत्या, म्हणून मी काही बोलली नाई. मले ते वाजवणं काही समजलं नाई."

मी म्हटलं, "पण तुम्ही रडत होत्या, वहिनी."

"मी त्याच्या हाताकडे पाहून राह्यली होती," ती म्हणाली. "तुमच्या दादाचा हात थरथरते. उजवा. दिवाळीच्या आधीपासून. आता चमचाही धरता येत नाई. डॉक्टर कंपवात म्हणते. तुम्हाले सांगू नको म्हणून त्यायनं मले शपथ घातली. घरी कोठं रडू? ते समोरच राह्यतेत. तेथं अंधार होता, तं रडून घेतलं."

मी खरं तेच सांगते. ऐकल्यावर पहिल्यांदा मनात दादा आला नाही. पहिल्यांदा हे आलं, की म्हणजे तिने ऐकलंच नव्हतं. काल रात्रभर जे माणूस मला मिळालं होतं ते मिळालंच नव्हतं. त्यानंतर दादाचा हात डोळ्यांसमोर आला, ढोलकावरचा. वहिनीने माझ्या पाठीवर हात ठेवला. गाडी आली. चढताना ती म्हणाली, "येजो एखाद्या दिवशी. मी सांगितलं असं नोको सांगजो." एरवी ती मला अहो-जाहो करते. त्या दिवशी तिच्या तोंडून येजो निघालं.

पुढच्या आठवड्यात मी सिंदीला गेले. दादा अंगणात उन्हात खुर्ची टाकून बसला होता. स्वेटरच्या खिशात उजवा हात खोल घातलेला. माझ्याकडे पाहून त्याने विचारलं की कसं झालं तुझं ते पियानो. मी मुद्दाम बोलतच राहिले. टाळ्यांची फजिती सांगितली, तो हसला. मग मी त्याला त्या चुकलेल्या सुराचं सांगितलं. ते मी अजून कोणाला सांगितलं नव्हतं, वहिनीलाही नाही.

तो पुढे झुकला. "मंग? थांबला का तो?"

"नाही. वाजवतच राहिला."

"कोणाले समजलं?"

"कोणालाच नाही. मलाच."

आत वहिनीची भांडी वाजत होती. मग त्याने खिशातून हात बाहेर काढला आणि मांडीवर ठेवला. तो हात आपल्या आपण हलत होता, कोणीतरी दुसराच तो हलवत असल्यासारखा. "मी थांबलो," दादा म्हणाला. "मागच्या जयंतीले. गाणं अर्ध्यात होतं अन् बोटंच येईनात. मी म्हटलं ढोलकाची दोरी ढिली झाली. लोकायनं मानलं. तुह्या वहिनीलेही तेच सांगितलं."

म्हणजे वहिनीला वाटत होतं त्याच्या कितीतरी आधीपासून तो हे एकटाच घेऊन बसला होता. मी तो हात हातात घेतला. माझ्या दोन्ही हातांतही तो थांबेना. त्याने तो थोडा वेळ राहू दिला, मग काढून पुन्हा खिशात घातला आणि विचारलं की जेवून जाशील ना.

त्यानंतर मी महिन्यातून दोन-तीनदा सिंदीला जायला लागले. नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांकडेही आम्ही जाऊन आलो. गोळ्यांनी कंप थोडा कमी झाला, पण बोटांची पकड आली नाही. ढोलक त्याने पार्टीला देऊन टाकला. वादक केव्हाच आपल्या देशात परतला होता. मी त्याचं नाव शोधून त्याचे व्हिडिओ पाहिले. त्यांच्याखालीही लोकांनी खूप लिहिलं होतं. मी लिहायला बसले, की वर्ध्याला तुमची एक उडी चुकली आणि ती मी ऐकली. मग वाटलं की एवढ्या लांबून कोणी आपल्याला हे सांगितलं तर कसं वाटेल. पुसून टाकलं.

या वर्षीच्या जयंतीला मी सिंदीत होते. संध्याकाळी वस्तीतल्या विहारासमोर मंडप होता. लोक दादाला बोलवायला आले, पुढे खुर्ची ठेवली आहे म्हणाले. तो गेला नाही. डोकं दुखते म्हणाला. वहिनी आणि मीही मग घरीच थांबलो. पांढरी साडी नेसून वहिनी दारात उभी होती. लाऊडस्पीकरवरून गाणी सुरू झाली. ढोलक चांगला वाजत होता, नवा कोणी होता. दादा आतल्या खोलीत पलंगावर बसून भिंतीकडे पाहत होता. दोन गाणी झाली. तिसऱ्याला त्याने मला हाक मारली.

"तुह्यं ते लाव," तो म्हणाला.

मला आधी कळलंच नाही. "कोणतं?"

"पियानो. जोरात लाव."

मी फोन स्पीकरला जोडला आणि आवाज पूर्ण वाढवला. सुरुवात इतकी हळू असते की बाहेरच्या ढोलकात ती बुडूनच गेली. मग पियानो वर आला आणि दोन्ही आवाज खोलीत एकमेकांवर आपटायला लागले. वहिनी दारातून आत आली, तिने आमच्याकडे पाहिलं आणि दार लोटून घेतलं. दादा डोळे मिटून बसला होता. त्याला पियानो आवडत नव्हता, आजही नाही. त्याला फक्त दुसरं काही ऐकायचं नव्हतं. मी पलंगाच्या दुसऱ्या टोकाला बसले. बसलेलो आम्ही एकाच खोलीत होतो, ऐकण्याची कारणं मात्र वेगळी होती. ती रचना त्या दिवशी पहिल्यांदाच मला ऐकवेना, पण बाहेरचं गाणं चालू होतं, म्हणून मी ती बंद केली नाही.

संपल्यावर दादाने डोळे न उघडता विचारलं, "आणखी हाये का?"

मी म्हटलं आहे, आणि दुसरं काहीतरी लावलं.